आठाच्या शेजारचा नऊ

आक्का, आज सकाळी पुन्हा लाईट गेली.

तू गेल्यावरची ही पहिलीच वेळ. एसीची घरघर थांबली, पंखे थांबले आणि मशीनच्या खोलीत ती शांतता पसरली, जी तुला कधीच सोसली नाही. "मशीन वरडत असलं की बरं वाटतंय. गप बसलं की मला बी बसवत न्हाय," असं तू म्हणायचीस. थोड्या वेळानं लाईट आली. मशीन उठलं, पडद्यावर स्वतःशीच काहीबाही पुटपुटलं आणि नेहमीच्या प्रश्नाशी येऊन थांबलं: तारीख बरोबर आहे का? मी बोटं ठेवली आणि ती हलेनात. मागं वळून विचारावं तर मागं कुणी नव्हतं. शेवटी शिपायाला ऑफिसातलं कॅलेंडर काढून आणायला लावलं. एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि एकेक दाबला. शिपाई माझ्याकडं बघत राहिला. तो गेल्यावर मला रडू आलं. निपाणीच्या स्मशानात आलं नव्हतं, ते इथं आलं.

लोक मला तुझी बहीण समजतात. परवा सांत्वनाला कॉलेजातले दोघं घरीसुद्धा येऊन गेले. मी त्यांना खरं सांगितलं नाही. मी शहापूरची, विणकराच्या घरातली शैला. तू निपाणीची विमल, विड्या वळणाऱ्या आईची थोरली. आपली गाठ पडली ती कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये. तू तिथली प्रमुख आणि मी नुकती लागलेली ऑपरेटर. पहिल्या दिवशी मी 'म्याडम, म्याडम' करत मागं फिरत होते. तू थांबलीस आणि म्हणालीस, "आक्का म्हण गं. म्याडम म्हटलं की मला कुणीतरी तपासणीला आलंय असं वाटतंय."

निपाणीकडच्या बायका बोलतात तसं तू 'मी येतो, मी बघतो' बोलायचीस. कॅम्पातल्या इंग्रजी शाळांतून शिकून आलेले प्राध्यापक गालात हसायचे. तुला ते कळायचं. तू बोलणं बदललं नाहीस.

आणि तू भित्री होतीस. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि मी कुणालाही सांगितलं नाही. आपलं ते मशीन कपाटाएवढं, त्याला जोडलेले दहाबारा पडदे, आणि सगळ्या कॉलेजचं काम त्या एकावर. त्याला चालवणारी प्रणाली म्हणजे युनिक्स. युनिक्समध्ये एक धनी असतो, त्याला रूट म्हणतात. बाकीच्यांना आपापल्या खोलीपुरती मोकळीक. रूटला मात्र कुठलंही दार बंद नाही आणि कुठलीही चूक माफ नाही. साध्या माणसाच्या पडद्यावर डॉलरची खूण असते. रूट झालं की तिथं जाळीसारखी खूण येते. ती खूण आली की तू दोन्ही हात पदराला पुसायचीस. दर वेळी. मला आधी वाटलं, ही सवय असेल. नंतर एकदा तुझा हात हातात आला आणि कळलं, तळवा ओला असायचा.

"आक्का, तुला एवढं शिकून भ्या वाटतंय?" मी विचारलं होतं.

"शिकलो म्हणून वाटतंय," तू म्हणालीस. "बेंगळूरला ट्रेनिंगला गेलतो तवा एकानं आमच्या डोळ्यादेखत सगळं पुसलं. फाईल पुसायची आज्ञा दिली, आरएम म्हणून, आणि मधी एक जागा जास्तीची सोडली. एवढंच. एक रिकामी जागा, आणि एका नावाचा अर्थ 'सगळं' असा झाला. मशीननं विचारलं न्हाय, खरंच पुसू काय म्हणून. युनिक्स विचारत न्हाय शैला. त्याला वाटतंय, रूट म्हणजे शहाणं माणूस."

तू मला शिकवलंस ते सगळं या भीतीतून आलेलं होतं. काहीही करण्याआधी पीडब्ल्यूडी, म्हणजे आपण आत्ता कुठल्या जागी उभे आहोत ते मशीनला विचारून घ्यायचं. काही पुसायचं असलं तर आधी तेच शब्द एलएसला देऊन बघायचे. एलएस नुसती नावं दाखवतं, आणि जी नावं दिसतील तीच पुसली जाणार. नावं वाचायची, ओठ हलवून वाचायची, मगच आरएम. मशीन मंद झालं तर घाबरून ते बंद करायचं नाही. पीएस म्हणायचं, की आत कोणकोणतं काम चालू आहे ते रांगेनं दिसतं. डीएफ म्हणायचं, की डिस्कवर किती जागा उरली ते कळतं. हू म्हणायचं, की कोण कोण आत बसलंय ते कळतं. "माणूस आजारी पडलं की आधी नाडी बघत्यात. बघायला कायबी मोडत न्हाय. बघून घे, लई बघून घे, आणि हात शेवटी लाव."

किल ही आज्ञा पहिल्यांदा द्यायची होती तेव्हा मी चक्क उठून उभी राहिले होते. कुणा मुलाचा प्रोग्राम वेड्यासारखा पिल्लं घालत सुटला होता आणि सगळे पडदे थिजले होते. तू म्हणालीस, "मार." मला तो शब्दच टाईप करवेना. मग तू माझ्या शेजारी बसलीस आणि समजावलंस की साधं किल म्हणजे मारणं नव्हे, 'बाबा रे, आवरून घे आता' असं सांगणं. पुष्कळ कामं तेवढ्यावर आवरतात. नाही ऐकलं तर नऊचा आकडा लावायचा. मग सांगणं नाही, विचारणं नाही. "पण नऊ शेवटी गं. आधीच नऊ लावायची सवय लागली की माणूस वाया गेलं."

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. त्याबद्दल आपण दोघी नीट कधीच बोललो नाही. भांडलो तेवढं फक्त.

ते दिवस वाईट होते. सीमाप्रश्न पुन्हा पेटला होता. एक दिवस या बाजूचा बंद, एक दिवस त्या बाजूचा. पाट्यांना डांबर फासलेलं. घरातून निघताना आई मला सांगायची, "बाजारात कुठली भाषा बोलायची ते आधी समोरच्याचं तोंड बघून ठरव." आपल्या सेंटरमधला परशराम येळ्ळूरचा. मार्कांचे आकडे मशीनमध्ये भरायचं काम त्याच्याकडं होतं. मोर्च्यात एकदा पकडला गेलेला, लाठीनं खांदा सुजलेला. कामावर मात्र तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

त्या दिवशी तुझी आई तुला भेटायला निपाणीहून येणार होती. दुपारी जेवणाच्या सुमाराला बातमी आली की हायवेवर एसटी फोडली. कुठली एसटी, कुठं, माणसांना काय झालं, कुणाला काही माहीत नाही. तू ऑफिसातल्या फोनवरून निपाणीला ट्रंककॉल लावलास. लाईन मिळेना. रस्त्यावरून घोषणा ऐकू येत होत्या, त्या जवळ येत होत्या की लांब जात होत्या तेही समजत नव्हतं. आणि तेवढ्यात लाईट गेली.

लाईट आल्यावर मशीन तूच उठवलंस. मी शेजारी उभी होते. तारखेचा प्रश्न आला. तू आकडे दाबलेस. हात पुसले नव्हतेस, एवढं मला आठवतं. कान फोनकडं होते. अर्ध्या तासानं परशराम त्याच्या पडद्यावर बसला आणि म्हणाला, "म्याडम, हितं साल चुकीचं दाखवालंय." तू पाहिलंस, "व्हय की," म्हणालीस आणि दुरुस्त केलंस. आपण कुणी त्याचा विचारही केला नाही. संध्याकाळी कळलं की तुझी आई संकेश्वरातूनच परत फिरली होती, सुखरूप होती. तू खुर्चीत बसून हसलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा विभागातला क्लार्क धावत आला. मार्क नाहीत. तिन्ही वर्षांच्या सगळ्या वर्गांचे, तपासणीसाठी थांबलेले मार्क, एकूण एक गायब.

आपण काही शोधायच्या आत बातमी बाहेर गेली होती. कॅन्टीनमध्ये एक घोळका म्हणत होता, मराठी पोरांचे मार्क मुद्दाम पुसले. फाटकाजवळचा घोळका म्हणत होता, येळ्ळूरच्या त्या माणसानं कन्नड पोरांचे पुसले. खरं म्हणजे सगळ्यांचेच गेले होते. पण आपले गेले हे प्रत्येकाला दिसत होतं, दुसऱ्याचे गेले हे ऐकायला कुणी तयार नव्हतं. आदल्या संध्याकाळी मशीनवर शेवटी कोण होतं, हे हूच्या जुन्या नोंदीत होतं. परशराम. कुणीतरी पोलिसांना तेवढंच सांगितलं. जीप आली. त्याला नेताना तो दारातून तुझ्याकडं वळून म्हणाला, "आईची शप्पत, आक्का, मी कायबी केलेलं न्हाय." त्यानं तुला आक्का म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं, पहिल्यांदा.

तू खोलीला आतून कडी घातलीस. बाहेर पोरांचा आवाज वाढत होता. जाळीच्या खिडकीतून सावल्या हलताना दिसत होत्या. मला वाटत होतं, आता दार मोडणार. तू मात्र पीडब्ल्यूडीपासून सुरुवात केलीस. आपण कुठं उभे आहोत. मग पीएस, काही विचित्र चालू आहे का, नव्हतं. मग डीएफ. तिथं तू थांबलीस. आदल्या दिवशी डिस्क गच्च भरलेली होती, आता तिच्यात ऐसपैस जागा होती. म्हणजे डिस्क बिघडली नव्हती. पुसलं होतं, नीट, सुबकपणे पुसलं होतं.

"मग कुणीतरी केलंय," मी म्हणाले. मला परशरामचा सुजलेला खांदा आठवला आणि वाटलं, केलं असेल का? एका क्षणापुरतं वाटलं.

तू एलएसला सांगितलंस, सगळ्यात नवी फाईल सगळ्यात वर दाखव. यादी आली. वर एक लहानशी फाईल होती, मशीन उठताना आपोआप लिहितं ती. तिच्यापुढं साल होतं सत्त्याण्णव.

"आक्का, हे साल बघ," मी म्हणाले. "हे अजून आलंच न्हाय की."

माझ्या अंगावर काटा आला. आपण सत्त्याऐंशीत बसलो होतो आणि त्या थंड खोलीत, दहा वर्षांनंतर कुणीतरी लिहिलेली फाईल पडद्यावर होती. मला खरंच भुताटकी वाटली. तुला वाटली नाही. तुझा चेहरा पांढरा पडला तो वेगळ्या कारणानं. तुला तेवढ्यात सगळं कळलं होतं.

तू मशीन सुरू होताना चालणाऱ्या आज्ञांची फाईल उघडलीस आणि एका ओळीवर बोट ठेवलंस. ती ओळ तूच लिहिलेली. डिस्क सारखी भरायची, म्हणून कच्च्या कामाच्या जागेत तीन महिने कुणी हात न लावलेल्या फायली फाईंडनं शोधायच्या आणि पुसायच्या. दर वेळी मशीन उठलं की ती ओळ चालायची. दोन वर्षं इमानानं चालली होती. मार्क कच्च्या जागेतच होते, कारण पक्क्या जागेत मावत नव्हते.

"तीन महिने झालेत का ते ते कसं ओळखतंय?" तू मला विचारलंस. शिकवतानाच्याच आवाजात.

"आजच्या तारखेवरून."

"आणि आजची तारीख त्याला कोण सांगतंय?"

मी की-बोर्डकडं बघितलं. आठ आणि नऊ, शेजारी शेजारी. मशीनला वाटलं, दहा वर्षं लोटली. कालची फाईलही त्याला दहा वर्षांची जुनी दिसली. त्यानं विचारलं नाही. तूच म्हणाली होतीस, युनिक्स विचारत नाही.

दारावर थाप पडली. प्राचार्य होते, एकटेच. आत आले, कडी घातली आणि एवढंच विचारलं, "त्या पोरानं केलं?"

"न्हाय सर. मी केलं."

तू सगळं सांगितलंस. त्यांना निम्मं कळलं असेल, पण चूक कुणाची हे कळलं. ते वाईट माणूस नव्हते, आक्का, हे मी आजही म्हणते. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "विजेमुळं झालं असं सांगू. काल लाईट गेली होती हे सगळ्यांना माहीत आहे. खोटंही नाही ते. पोराला मी सोडवून आणतो. तुमचं नाव यायचं कारण नाही."

मला हायसं वाटलं. मी म्हणाले, "आक्का, सर बरोबर बोलालेत."

तू माझ्याकडं पाहिलंस. "विजेनं झालं म्हटलं तर ती पोरं ऐकतील काय? ती म्हणतील, झाकालेत. मग परशरामला पोलीस सोडतील, पण गाव सोडंल काय? विजेला नाव न्हाय शैला. त्यास्नी कुणाचं तरी नाव पाहिजे झालंय. न्हाय दिलं तर ती परशरामचं घेतील."

"आणि तुझं घेतलं तर?"

आपल्या दोघींना माहीत होतं, तुझं नाव घेतलं की त्याच्या मागून काय काय घेतील. तुझ्या नेमणुकीच्या वेळी लोक काय बोलले होते, जातीच्या कुठल्या रकान्यातून आलीस म्हणाले होते, ते मला स्टाफरूममधून ऐकू आलं होतं आणि तुला तर आलंच होतं. दुसऱ्या कुणाची चूक ही चूक असती. तुझी चूक पुरावा होणार होती.

मी अजून भांडते तुझ्याशी इथं. आई बसमध्ये असेल या काळजीनं हात चुकला, एवढं तरी सांगायचंस. एक वाक्य. लोक पाघळले असते. तू तेही सांगितलं नाहीस. सरांनाही नाही. का?

तू बाहेर पायऱ्यांवर गेलीस. मी मागं, तुला चिकटून. समोर मैदानभर पोरं होती, दोन बाजूंना दोन घोळके, मध्ये थोडी मोकळी जागा आणि त्या जागेत विटांचे तुकडे. एक तुकडा नोटीसबोर्डाच्या काचेवर येऊन फुटला. शिपाई पळाला. माझ्या कानात नुसती सूं सूं चालली होती.

"तप्पु नंदु," तू म्हणालीस. कन्नडात. मग मराठीत, "चूक माझी."

तुझा आवाज एवढा बारीक होता की पुढची पोरं गप्प झाली, ऐकू यावं म्हणून. तू सांगितलंस, काल तारीख घालताना माझ्या हातून चुकीचा आकडा पडला, त्यामुळं सगळ्यांचे मार्क पुसले गेले, सगळ्यांचे, कन्नड पोरांचे आणि मराठी पोरांचे. परशरामनं काही केलं नाही. आमच्याकडं टेप आहे, त्यावर पंधरवड्यापूर्वीपर्यंतचे मार्क आहेत. उरलेले पेपरांवरून पुन्हा भरू. एक वाक्य कन्नडात, एक मराठीत. कुणालाही आपली भाषा मागून आली असं वाटू दिलं नाहीस.

मागून कुणीतरी तुझ्या जातीवरून बोललं. मग दुसऱ्या बाजूनंही कुणीतरी. दोन्ही भाषांत बोललं गेलं. कुठल्याही एका गोष्टीवर त्या महिन्यात दोन्ही बाजूंचं एकमत झालं असेल तर ते यावर. तू पुढं सांगत राहिलीस, टेपचं काम कधी संपेल ते.

हळूहळू मैदान मोकळं झालं. कुणी माफ केलं म्हणून नव्हे. भांडायला समोरची बाजूच उरली नव्हती, म्हणून. परशराम दुपारी परत आला. एक गाल सुजलेला. तो सरळ आत येऊन टेपच्या कपाटासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "कुठली टेप काढू?"

टेप मध्येच अडकली. मशीन म्हणायचं, पुढचं वाचता येत नाही, आणि सगळं सोडून द्यायचं. तू डीडी ही जशीच्या तशी नक्कल उतरवायची आज्ञा लावलीस आणि तिला बजावलंस की खराब तुकडा आला तर थांबू नको, तेवढा सोड आणि पुढं जा. टेप खरखरत, थांबत, पुन्हा सरकत गेली. आपण तिघं तिच्याकडं आजाऱ्याकडं बघावं तसं बघत होतो. बहुतेक मार्क परत आले. उरलेल्यांसाठी प्राध्यापकांनी पेपर पुन्हा चाळले, कुरकुरत चाळले. निकाल लागला. कुणाचं वर्ष गेलं नाही.

तुझं गेलं. रूटचा पासवर्ड तुझ्याकडून काढून घेतला आणि तुला लायब्ररीत बसवलं. पासवर्ड मला दिला. तू मला तो देताना हसलीस आणि एवढंच म्हणालीस, "हात पुसत जा." काही महिन्यांनी तू कोल्हापूरला एका कारखान्यात नोकरी धरलीस, निपाणीहून रोजची एसटी.

स्टँडवर निरोप देताना मी तुला नको ते बोलले. म्हणाले, तू शूर झालीस आणि मला इथं जाळीच्या खुणेसमोर एकटं सोडून चाललीस. सरांचं ऐकलं असतंस तर आज दोघी असतो. गाडीत चढता चढता तू म्हणालीस, "रूट झालीस न्हवं आता. कळंल." मला अजून कळलेलं नाही, आक्का. कधी कधी कळल्यासारखं वाटतं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा निसटतं. तुला परत विचारायचं होतं. घाई काय आहे, असं वाटलं. तुझं वय काय होतं!

कावीळ झाली हे कळल्यावर मी निपाणीला आले तेव्हा दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू विचारलंस, "मशीन कसं हाय?" मी म्हणाले, बरं आहे. तू विचारलंस, "ती ओळ काढलीस न्हवं?" काढली होती. आता पुसण्याआधी माणसाला विचारतं, असं केलंय मी ते. तू डोळे मिटून म्हणालीस, "भ्या वाटालंय गं." मी म्हणाले, काय होत न्हाय. तुला ते पटलं नाही हे मला दिसलं. त्या वेळी दुसरं काय म्हणायचं असतं ते तू मला शिकवलं नव्हतंस.

तुला खांदा द्यायला परशराम आला होता. येळ्ळूरहून पहाटेच निघाला होता. परत जाताना त्यानं मला विचारलं की मशीनवर सकाळी मी एकटीच असते का, आणि उद्यापासून लवकर येतो म्हणाला. रोज येतो; आज लाईट गेली तेव्हा तेवढा पोचला नव्हता.

सगळं आटोपल्यावर पाहुणे पांगले आणि मी तुझ्या आईजवळ बसले. तिच्या मांडीवर सूप होतं, त्यात पानं आणि तंबाखू, पण हात चालत नव्हते. घराला तो तंबाखूचा उग्र वास होता, जो कधी कधी तुझ्या साडीला यायचा.

"पोरी, एक विचारतो," ती म्हणाली. "माझी विमल तिथं नेमकं काय करीत होती?"

मी सांगायचा प्रयत्न केला. मोठं मशीन असतं, त्याच्यावर लई जणांचं काम असतं, ते आजारी पडलं की काय बिघडलंय ते शोधायची, मावशी. कोण आत आलंय, कुठं जागा भरलीय, काय अडकलंय, ते बघायची. नीट करायची.

"दवाखान्यागत."

"व्हय. दवाखान्यागत."

मग ती म्हणाली, "तिथं ती भ्यायची काय?"

तिला कुठलं उत्तर हवं होतं ते मला कळेना. ती पुढं बोलत राहिली. "हितं घरात कधी भ्याली न्हाय बघ. बाप गेला तवा न्हाय, एकटी बेंगळूरला गेली तवा न्हाय. त्या मार्काच्या भानगडीचं पण हसत सांगितली मला. मलाच तिचं भ्या वाटायचं. ज्याला कोण भ्यालेलं बघत न्हाय, त्याला कोण धरत बी न्हाय."

मग मी तिला सांगितलं, आक्का. जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्याशीही कधी बोलले नव्हते. त्या दिवशी पायऱ्यांवर उभी राहून तू पोरांना 'तप्पु नंदु' म्हणालीस, तेव्हा तुझा एक हात पाठीमागं होता. समोरच्या कुणाला तो दिसत नव्हता. तो हात मागं काहीतरी शोधत होता, आंधळ्यासारखा, आणि मी तो घेतला. तू इतका घट्ट आवळलास की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. तू दोन्ही भाषांत बोलत होतीस, मोजून मापून, एक वाक्य इकडं आणि एक तिकडं, आणि तुझा तो ओला हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत लटलट कापत होता. जातीवरून बोलले तेव्हा तर जास्तच.

"लई भ्यायची, मावशी," मी म्हणाले. "माझ्याएवढी भ्यायची."

तुझ्या आईनं सूप खाली ठेवलं. "मग तू हात सोडलीस न्हाय न्हवं?"

"न्हाय. ती आत येऊन खुर्चीत बसंपर्यंत न्हाय."

तिनं माझा हात ओढून घेतला, उलटा करून मनगट बघितलं, अंगठ्यानं चाचपलं, जणू तिथं अजून काच असेल.

"बरं झालं," ती म्हणाली. "ऊठ आता. दोन घास खा. तुझी एसटी चुकंल."